कुलूपबंद घराचे बिल

विजेच्या बिलात ‘स्थिर आकार’ नावाची एक ओळ असते. आपण सहसा युनिट बघतो, शेवटची रक्कम बघतो आणि पैसे भरून टाकतो. लोणंदचे जुने घर बंद झाल्यापासून मात्र आम्हा भावंडांना ही ओळ नीट वाचावी लागली. अम्मींच्या इंतकालानंतर तिथे कोणी राहत नाही. मेन स्विच बंद, युनिट शून्य, तरी बिल येतेच. थोरले भाईजान म्हणाले, “वापरलीच नाही तर पैसे कशाचे?”

वर्गात मुलांना सांगतो तसेच त्यांना सांगितले. कांद्याच्या बाजारात गाळा भाड्याने घेतला की माल भरा किंवा रिकामा ठेवा, भाडे द्यावेच लागते. खांब, तारा, रोहित्र, मीटर, दुरुस्तीला येणारा वायरमन, हा खर्च आपण दिवा लावला नाही म्हणून थांबत नाही. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 45 मध्ये युनिटच्या दराखेरीज असा आकार घेण्याची मुभा आहे. किती घ्यायचा ते महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. थ्री फेजला तो सिंगल फेजपेक्षा बराच जास्त असतो.

हे पटते, तरी एक गोष्ट खटकते. हा आकार महिना 130 रुपये धरा. 100 युनिट जाळणाऱ्या घरावर युनिटमागे 1 रुपया 30 पैसे पडतात. 20 युनिटांत भागवणाऱ्या एकट्या म्हातारीवर साडेसहा रुपये! काटकसर करून ही ओळ कमी होत नाही. छतावर सौर पॅनेल बसवले तरी ती राहतेच.

आमच्याकडे प्रश्न पैशांपेक्षा वाट्याचा होता. घरात बहिणींचाही हिस्सा आहे, मग बिल एकट्या धाकट्यानेच का भरायचे? पुरवठा कायमचा बंद करण्याचा अर्ज दिला तर स्थिर आकार थांबतो, थकबाकी वजा होऊन सुरक्षा ठेव परत मिळते. पण पुन्हा वीज हवी झाली की नवी जोडणी, नवा खर्च. बिल भरणे नुसते सोडून दिले तर थकबाकी साचते आणि वाटणीच्या वेळी तीच भांडणाचे कारण होते.

ईदला चार दिवस सगळे तिथेच उतरतो, म्हणून मीटर ठेवायचे ठरले. वर्षाचे बिल हिश्श्याच्या प्रमाणात: भावांचे दोन-दोन वाटे, बहिणींचा एक-एक. आपांनी आपला वाटा तिथल्या तिथे काढून दिला. मीटर अजून अब्बांच्याच नावावर आहे. ते बदलायला वारसांची कागदपत्रे जमवणे चालू आहे.