तळीराम, गोकर्ण आणि आमचे खुणे

स्मरणिकेसाठी वसतिगृहातील दिवसांवर लिहावे, असा निरोप आला. आठवणींना तोटा नव्हता. पहाटेची वंदना, पत्र्याच्या पेट्या, रविवारी सतरंजीवर ओळीने बसून पाहिलेला दूरदर्शन संच, सारेच डोळ्यांपुढे आले. परंतु लेखणी हाती घेतली आणि या सर्वांना बाजूला सारून एक नट पुढे उभा राहिला. त्यांच्याशी माझा कधी एका शब्दानेही संवाद झालेला नाही. तरी त्यांना वगळून मला माझे शाळेतील दिवस सांगता येणार नाहीत.

गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे हे ते नट. नायकाच्या मागे उभा राहणारा नोकर, मित्र, गावठी विदूषक अशा भूमिकांवर त्यांनी सारे आयुष्य काढले. दूरदर्शनच्या मालिकांतही अशी माणसे असत. त्यांचा चेहरा आम्हा मुलांना पाठ असे. नाव मात्र श्रेयनामावली सरकताना कोणी वाचत नसे. खुण्यांचे उलट होते. दूरदर्शनच्या पडद्यावर आम्ही त्यांना कधी पाहिले नाही, पण धानाच्या गंजीवर बसलेल्या पोरालाही त्यांचे नाव ठाऊक होते.

दूर शहरांत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलांसाठी थोडे सांगतो. दिवाळीत भाऊबीज उलटली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या धानाच्या मुलखात गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक लागते. नाट्यमंडळ्यांचे मोठे ठाणे वडसा, म्हणजे देसाईगंज. गावचे मंडळ तेथे जाऊन नाटक ठरवून येते. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. होळीपर्यंत हाच क्रम. खुण्यांनी आठशेच्या आसपास भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग केले, असे सांगतात. वर्षाला शंभर प्रयोग धरले तरी हे पन्नास हंगाम होतात. पन्नास हिवाळे रात्री जागायचे आणि सकाळी पुढच्या गावाची वाट धरायची!

'एकच प्याला'तील तळीराम, 'लग्नाची बेडी'तील गोकर्ण, 'मरीमायचा भुत्या'मधील भुत्या या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. त्यांना झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणतात. मला स्वतःला ही उपमा अपुरी वाटते, आणि त्याचे कारण तळीराम आहे. गडकऱ्यांचे हे नाटक 1919 साली रंगभूमीवर आले. आर्य मदिरा मंडळाचा हा म्होरक्या प्रेक्षकांना पोट धरून हसवतो आणि त्याच हसण्याच्या आड सुधाकराचे घर बुडते. गडचिरोली जिल्ह्यात 1993 साली दारूबंदी झाली, तीही बायाबापड्यांच्या दीर्घ लढ्यानंतर. ज्यांनी घरात तळीराम भोगला, त्याच बाया घोंगडी पांघरून समोर बसलेल्या. अशा प्रेक्षकांपुढे तळीराम हसरा करायचा, पण लाडका होऊ द्यायचा नाही, हे काम नायकाच्या भूमिकेहून अवघड आहे. मी तो प्रयोग बाबांच्या मांडीवर बसून पाहिला. तळीरामाने तोंड उघडण्यापूर्वीच हशा सुरू झाला होता. माझी आजी मात्र हसता हसता गप्प झाली आणि पदर तोंडाशी धरून बसून राहिली. त्या वयात मला त्याचा अर्थ कळला नाही.

ही आजी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरच्या धम्मदीक्षेला पायी गेलेली. त्या दिवसापासून मरीमाय आमच्या उंबरठ्याबाहेर गेली. तरी 'मरीमायचा भुत्या' लागला की आजी सर्वांच्या आधी तयार! कोणी टोकले की म्हणायची, ज्याला घरातून काढले तो आता कसा दिसतो, ते पाहायला जाते.

पाचवीत मी वसतिगृहात आलो. मंडईमुळे दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन दिवस उशिरा परतणारी मुले आमच्या बाजूचीच असत. रात्री दिवा मालवला की मी खाटेवर उभा राहून तळीराम करीत असे. माझा तळीराम अर्थातच झाडीबोली बोलायचा. या बोलीत 'ण' नाही, 'ळ' नाही. पाण्याचे पानी होते, डोळ्याचा डोरा. मुले खूश असत. पुढे एका बाहेरगावच्या आंतरशालेय स्पर्धेत मी तोच प्रवेश सादर केला. परीक्षकांनी निकालाच्या वेळी माझ्या उच्चारांची नक्कल करून दाखवली. सभागृह हसले. हशा तळीरामासाठीही होतो आणि बोलणाऱ्यासाठीही, हा भेद त्या दिवशी कळला. त्यानंतर मी आरशासमोर 'ण' आणि 'ळ' घोकले. ते उच्चार मला आले, त्यावर नोकरीही मिळाली. ते शिकलो याचा खेद नाही. पण घरी गेल्यावरही मी बाबांशी 'शुद्ध' बोलू लागलो आणि बाबा माझ्याशी कमी बोलू लागले.

बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात ते माझ्याकडे चंद्रपूरला होते. एका संध्याकाळी त्यांनी विचारले, "बापू, यंदा खुनेचा नाटक लागला का गा?" मी म्हणालो, थंडी फार आहे, रात्रभर बसणे तुम्हाला झेपणार नाही, घरीच मालिका लावून देतो. मी दूरचित्रवाणी सुरू केली. बाबा मुकाट्याने पाहत बसले. थंडी हे खरे कारण नव्हते. तणसावर माझ्या शेजारी माझ्या कचेरीतले कोणी येऊन बसले तर, ही भीती होती. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

25 जानेवारी 2023 च्या रात्री पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. कलाक्षेत्रातील पद्मश्रीच्या नावांत रवीना टंडन होत्या आणि त्याच यादीत गुरनोलीचे परशुराम खुणेही होते. झाडीपट्टीच्या रंगभूमीबरोबरच, नक्षलवादाकडे वळलेल्या तरुणांना परत आणण्याच्या त्यांच्या कामाचाही पुढे उल्लेख झाला. रात्री फोन सुरू झाले. वसतिगृहातील जुने सोबती, पुण्याचे, बंगळूरचे, एक आखाती देशातला. सर्वांचा पहिला प्रश्न एकच, "ऐकलं का?" आणि दुसऱ्या वाक्यापासून प्रत्येक जण, कळत नकळत, झाडीबोलीत बोलू लागला. एकाने तर माझा खाटेवरचा तळीराम फोनवरच म्हणून दाखवला. मला तो आता आठवत नव्हता. त्याला शब्दन् शब्द आठवत होता.

अलीकडे मुंबई-पुण्याचे मालिकांतील कलावंतही झाडीपट्टीत पाहुणे म्हणून येतात आणि फलकांवर त्यांचे चेहरे मोठे छापतात. त्याबद्दल तक्रार नाही. त्यामुळे तिकिटे खपतात. मात्र रात्री दोन वाजता पेंगणारे गाव जागे करायला अजूनही येथला माणूसच लागतो, हे मी पाहिले आहे.

त्या रात्री शेवटची बातमी पुन्हा लागली. निवेदिकेने 'खुणे' असा स्वच्छ, टाळूवरचा 'ण' उच्चारला. बाबांची खाट त्याच खोलीत अजून होती. मी तिकडे पाहून मोठ्याने म्हणालो, "बाबा, खुनेला पद्मश्री भेटला." स्वयंपाकघरातून मुलीने विचारले, आबांशी बोलताहात का? मी हो म्हणालो.