निळी ज्योत

मैत्रिणींनो, सकाळी चहासाठी गॅस पेटवताना आपल्या मनात काय येतं? काहीच नाही, खरं ना? सवयीच्या सुखाकडे लक्ष जातच नाही. पण आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात या निळ्या ज्योतीचं मोल फार मोठं आहे. ताडोबाभोवतालच्या आणि सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडच्या गावांत सरपण म्हणजे जंगल, आणि जंगल म्हणजे वाघ! काड्या वेचायला वाकलेली बाई संध्याकाळी घरी परतेलच, याचा भरवसा नसतो.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे अशा कितीतरी घरांत गॅस आला. धुरानं चुरचुरणारे डोळे निवले, डोक्यावरची मोळी उतरली. पण शेगडी आली तरी पुढचं सिलिंडर विकतच घ्यावं लागतं. शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, “हातात पैसा नसला का मंग जंगलच हाये, मॅडम. चौघीजणी मिळून जातो.”

म्हणून वाटतं, नुसतं ‘देवाची कृपा’ म्हणून भागायचं नाही. आपल्याकडे राबणाऱ्या बाईचं सिलिंडर संपलंय का, हे आपणहून विचारावं. तिनं मागण्याआधीच थोडी उचल द्यावी. आणि आपल्या घरी डाळ आधी भिजत घालावी, पातेल्यावर झाकण ठेवावं. सुखाची जाण ठेवायची ती अशीच, नाही का?