मागच्या खोलीतला पिंजरा

आमच्या घरी तीन पिंजरे आहेत. दिवाणखान्यातला मोठा पिंजरा बजींच्या जोडीचा, खिडकीजवळचा कॉकटीलचा. तिसरा मागच्या खोलीत असतो आणि तो कुणाच्याच मालकीचा नाही. पहिल्या दोघांत झोपाळे आहेत, घंटा आहेत, कुरतडून झिजलेला समुद्रफेस आहे. तिसऱ्यात दोन दांड्या, स्टीलच्या दोन वाट्या आणि तळाच्या ट्रेमध्ये कोरा पांढरा कागद, एवढाच त्याचा संसार. घरात नवा पोपट आला की त्याचा पहिला मुक्काम इथेच. कमीत कमी ३० दिवस, शक्यतो ४५.

सध्या त्याच्याकडे एक सन कन्युअर राहायला आला आहे. आपला रानातला हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. हा पाहुणा पैदास केंद्रात जन्मलेला, परदेशी जातीचा. त्याची नोंद ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. त्याचे रानातले भाऊबंद गयाना आणि ब्राझीलच्या उत्तर टोकाला उरले आहेत, तेही थोडेच. एवढ्या लांबच्या कुळातला जीव घरात येतो, तेव्हा त्याला उतरवून घेणारा यजमानही तितकाच जबाबदार हवा.

पिंजरा दिसायला साधा असला तरी त्याची घडण विचारपूर्वक केलेली आहे. गज जस्ताच्या मुलाम्याचे नाहीत. पोपट दिवसभर गज चावतो, मुलामा सुटून पोटात जातो आणि विषबाधा होते. दोन गजांमधले अंतर दोन सेंटिमीटरच्या आत, म्हणजे डोके अडकत नाही. दांड्या पेरूच्या फांद्यांच्या, कुठे जाड तर कुठे बारीक, त्यामुळे तळव्यावर एकाच जागी भार येत नाही. एक बाजू भिंतीला टेकलेली, कारण चारही बाजूंनी उघड्यावर बसलेल्या पक्ष्याला स्वस्थता मिळत नाही.

त्याचा मुख्य गुण म्हणजे बारीक लक्ष. पोपट आजार लपवतो. रानात थव्यातला मलूल पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून अंगात ताकद आहे तोवर तो धडधाकट असल्याचेच दाखवतो. तो जे सांगत नाही ते कागद सांगतो. छापील वर्तमानपत्रावर शीट नीट दिसत नाही, पांढऱ्या कागदावर तिचे तिन्ही भाग वेगळे ओळखू येतात: हिरवट किंवा तपकिरी लेंडी, पांढरा युरेटचा ठिपका आणि भोवती पाण्याचे कडे. पांढरा भाग पिवळा-हिरवा दिसू लागला की यकृताची शंका घ्यावी. आख्खे दाणे तसेच बाहेर पडू लागले की पचन बिघडले आहे. रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन. सन कन्युअर साधारण १०० ते १२० ग्रॅमचा असतो. त्यातले १० ग्रॅम गेले तरी पिसांच्या फुगाऱ्यात आपल्याला कळत नाही, काट्याला कळते. श्वासागणिक शेपूट वरखाली होत असेल, तर वजनाचीही वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

हा पिंजरा कडक आहे, आणि त्या कडकपणाला इतिहास आहे. १९२९ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांबरोबर सिटाकोसिस हा ताप अमेरिकेत आणि युरोपात पसरला. माणसे दगावली. जानेवारी १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांची आयातच थांबवली. पुढे काही वर्षांतच कार्ल मायर यांनी दाखवून दिले की कॅलिफोर्नियातल्या पैदास केंद्रांतल्या, दिसायला ठणठणीत बजींतही हा जंतू दडलेला असतो. वाळलेली शीट आणि पिसांची धूळ श्वासातून गेली की तो माणसालाही गाठतो. उपचार आहे, पण पक्ष्याला तो साधारण ४५ दिवस द्यावा लागतो. चोच आणि पिसे झडवणारा विषाणू तर याहून चिवट. धुळीत दीर्घकाळ टिकतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून शीट आणि रक्त तपासून घेणे हा या मुक्कामाचाच भाग आहे.

म्हणून मागच्या खोलीचे दार बंद राहते. एकाच खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन पिंजरे ठेवणे म्हणजे वेगळे ठेवणे नव्हे. हवा तीच राहते. सकाळी आधी जुन्यांचे दाणापाणी, मग नव्याचे. त्याच्या वाट्या वेगळ्या, फडके वेगळे, आणि त्याच्याकडून आल्यावर हात धुऊन सदरा बदलल्याशिवाय कुणी बजींना हात लावत नाही.

पण या पिंजऱ्याला नुसता पहारेकरी समजणे अन्यायाचे होईल. नव्या पोपटाने आपला थवा, आपले आवाज, आपली माणसे गमावलेली असतात. इथे त्याची कुणाशी स्पर्धा नाही. पहिले काही दिवस त्याला सवयीचे तेच खाणे मिळते, मग हळूहळू भाज्या आणि फळे. कुणीतरी शेजारी बसून वाचते, बोलते, नुसते असते. बंद दारापलीकडून कॉकटीलची शीळ येते, हा उत्तर देतो, तिकडून पुन्हा शीळ. नजरानजर होण्याआधी आवाजांची ओळख होते, आणि थव्याने जगणाऱ्या पक्ष्यांत तीच खरी पहिली ओळख.

मुदत संपली, तपासण्या चांगल्या आल्या, की पिंजरा दिवाणखान्यात येतो, लांबच्या कोपऱ्यात. मग दिवसादिवसाने थोडा जवळ. खाऊ आधी जुन्यांना, हाकही आधी जुन्यांना. कॉकटीलचा तुरा मागे चपट झाला, कुणी पिसे अंगाशी घट्ट आवळून चोच उघडली, तर पिंजरा विनातक्रार पुन्हा मागे सरकतो. मोकळी भेट टेबलावर, जिथे कुणाचाच हक्क नाही तिथे. त्याआधी छताचा पंखा बंद, खिडक्या बंद, स्वयंपाकघराचे दार बंद. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफा पक्ष्याला मिनिटांत मारू शकतात.

काही अंतरे मात्र कायमची ठेवावीत. बजी ३०-४० ग्रॅमचा, कन्युअरची चोच त्याचे बोट सहज तोडेल. ते एका पिंजऱ्यात कधीच राहणार नाहीत, आणि शेजारच्या पिंजऱ्यांतही गजातून पाय पोचणार नाही इतकी फट राहील. एकमेकांना पाहणे, एकमेकांना साद घालणे आणि रात्री आपापल्या दांडीवर निर्धास्त झोपणे, एवढे साधले तर ते शेजारी झाले.

नवा पक्षी घ्यायचा म्हटले की लोक आधी जात निवडतात, रंग निवडतात, नाव ठरवतात. सुरुवात या पिंजऱ्यापासून करावी. एका खोलीच्या घरात त्याला जागा नसेल, तर पक्षी नसलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी दीड महिन्यासाठी ती मागून घ्यावी. तीही मिळत नसेल, तर नवा पोपट आणू नये. आधीपासून घरात असलेल्या जिवांचे आपण इतके देणे लागतो.