आईचे मत

१९५७ साली आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. वडील सरकारी कारकून. त्यामुळे घरात राजकारणाला बंदी. बाहेर मात्र संयुक्त महाराष्ट्र समिती नाक्यानाक्यावर काँग्रेस सरकारला विचारत होती : मुंबईसह महाराष्ट्र मागणाऱ्यांवर गोळ्या का झाडल्या? गुजरातसह द्वैभाषिक राज्य आमच्या माथी का मारले?

मतदानाच्या सकाळी आई नऊवारी नेसून निघाली. वडील पुटपुटले, "जपून हो, माझी नोकरी आहे."

"अहो, नोकरी तुमची, मत माझं!"

पश्चिम महाराष्ट्रात समितीने बाजी मारली, तरी सरकार टिकले. महाराष्ट्र झाला तो १ मे १९६० रोजी. त्या रात्री दारातली पहिली पणती वडिलांनी लावली. त्यांचे मत कोणाला गेले होते, ते आईनेही कधी विचारले नाही.