दहावा थांबवू नका

दहावा माझ्यासाठी थांबवू नका, असा निरोप मी 17 एप्रिल 2024 ला दुबईच्या विमानतळावरून आमच्या गावी, कऱ्हाटीला धाडला. त्या दिवशी रामनवमी होती. निरोप रेकॉर्ड करून पाठवावा लागला, कारण अमिरातीत व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही. बोललेलं साठवून पाठवलं तर तेवढं पोचतं. आधी आवाज फुटला, म्हणून पुसून पुन्हा बोलले. अण्णांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, माझं रडणं ऐकू जाऊ नये, एवढंच मनात होतं.

आजी पाडव्याला गेली. सकाळी गुढीला साखरेची गाठी तिनंच बांधली आणि ऊन चढायच्या आत ती गेली. घरच्यांनी गुढी दुपारीच उतरवली. मी आइंडहोवनला. माझं रहिवासाचं कार्ड नेमकं तेव्हाच नूतनीकरणाला दिलेलं होतं आणि ते हातात नसताना देश सोडला तर परत शिरताना पंचाईत. माती चुकली, सावडणं चुकलं. उरला दहावा, 18 तारखेचा. कार्ड 15 ला मिळालं, त्याच रात्री आम्स्टरडॅमहून निघाले. दुबईत विमान बदलायचं, मुंबईला उतरायचं आणि दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव करत 17 च्या सकाळी घरी. हाताशी एक दिवस राखून ठेवला होता.

तो दिवस पावसानं नेला. 16 एप्रिलला अमिरातीत झाला तसा पाऊस तिथल्या 1949 पासूनच्या नोंदींत नाही. अल ऐनकडच्या खत्म अल शकला या ठिकाणी चोवीस तासांच्या आत 254 मिलिमीटर पडला. दुबईत सबंध वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास. शहर वाळवंटातलं, एवढं पाणी वाहून न्यायची सोय तिथं असणार कुठून? काचेतून खाली बघितलं तर विमानांची चाकं पाण्यात होती. माझं दुपारचं विमान आधी संध्याकाळवर गेलं, मग रात्रीवर, मग फलकावर रद्द म्हणून लागलं. दोन दिवसांत तिथली हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली.

आणि त्याच दिवशी आमच्या गावात टँकर येत होता. शासनानं ऑक्टोबर 2023 च्या अखेरीला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बारामती, इंदापूर, पुरंदर, दौंड हे सगळे होते. बारामती म्हटलं की लोकांना नीरा डावा कालवा आणि ऊस दिसतो. सुपे, मोरगाव, कऱ्हाटी हा जिरायती पट्टा, जनाई-शिरसाई योजनेच्या पाण्याकडं डोळे लावून बसणारा, तो कुणाच्या नजरेत येत नाही. कऱ्हा म्हणायला नदी. नाझरे धरण भरून वाहिलं तर तिला पाणी. सप्टेंबर 2019 मध्ये पुरंदरात एका रात्रीत एवढा पाऊस झाला की बारामतीत नदीकाठच्या लोकांना घरं सोडून हलावं लागलं. पण तसा पूर म्हणजे अपवाद. पावसाची वाट बघण्यात आजीचा जन्म गेला आणि तिच्या दहाव्याला निघालेली मी पावसातच अडकले. ही गोष्ट त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यातून जाईना. रांगेत कुणी म्हणालं, हा कृत्रिम पाऊस पाडल्याचा परिणाम. तिथल्या हवामान खात्यानं ते साफ नाकारलं, आणि मलाही ते पटलं नाही. आपल्या राज्यानं 2003 ला आणि 2015 ला हे प्रयोग करून बघितलेत. ढगात असेल त्याहून जास्त पाणी कुणाला काढता येत नाही, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

विमान बदलणाऱ्यांच्या खिडकीपुढची रांग कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होत होती. तिथं माझ्या पुढं फलटणच्या एक काकू होत्या, लंडनच्या लेकीकडून परत निघालेल्या, एकट्या. मधुमेह. इन्शुलिन लेकीनं हातातल्या पिशवीत दिलेलं, हे नशीब. त्यांना उभं राहवेना, तेव्हा मला टँकरची रांग आठवली. टँकरला बाया उभ्या राहत नाहीत, हंडा रांगेत ठेवतात आणि सावलीला बसतात. आम्ही तसंच केलं. बॅगा रांगेत, दोघंजण पहाऱ्याला, बाकीचे भिंतीकडेला. केरळचा एक मुलगा होता, त्यानं कागदावर नंबर घातले. त्यावरून रांगेतली भांडणं मिटली, हे मी डोळ्यांनी बघितलं. एक जण खिडकीशी, एक जण फोन लावायला, एक जण पाणी आणि बिस्किटं शोधायला. कुणाच्या फोनची बॅटरी किती उरली ते विचारून फोन बारीने चार्जिंगला लावायचे. झोप गालिच्यावर, डोक्याखाली चपला. काकूंसाठी खाण्याची वेळ पाळायची होती, म्हणून त्यांच्या घड्याळावर आम्ही सगळे जेवलो.

खिडकीमागच्या मुलींवर लोक ओरडत होते. त्यांची पाळी कधीच संपलेली होती आणि बदली येणारी माणसं पाण्यानं तुंबलेल्या रस्त्यावर अडकलेली. मी त्यांच्यावर आवाज चढवला नाही. मागायचं ते मात्र मागितलं. युरोपातून सुटणाऱ्या, एकाच तिकिटावरच्या प्रवासाला युरोपीय संघाचा 2004 चा 261 क्रमांकाचा नियम लागू होतो. ऐन वेळी रद्द झालेल्या विमानाची 600 युरोपर्यंतची भरपाई असं अस्मान कोसळल्यावर मिळत नाही, पण जेवण, मुक्काम आणि पुढच्या विमानात जागा ही जबाबदारी कंपनीवर राहतेच. 2010 साली आइसलँडचा ज्वालामुखी फुटून युरोपचं आकाश बंद झालं होतं. त्या प्रकरणात 2013 ला युरोपीय न्यायालयानं हेच ठरवलं, आणि या सोयीला दिवसांची मर्यादाही घातली नाही. म्हणून बोर्डिंग पास टाकायचा नाही, स्वतः खर्च केला तर पावती जपायची, आणि विमान रद्द झाल्याचा संदेश फोनवरून पुसायचा नाही. आपल्याकडची माणसं, विशेषतः वयस्क, मागायला लाजतात. आपलं हक्काचं आहे हे त्यांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

पण हे सगळं शरीराचं. जीव अडकला होता तो घरी. दर तासाला भावाचा मेसेज यायचा, "निघाली का?" मी लिहायचे, "रात्रीपर्यंत कळेल." मग कळलं की या माझ्या उत्तरावर तिकडं सगळं अडून राहिलंय. गाडी पुण्याला पाठवायची का, प्रवचनकार महाराजांना वेळ कोणती सांगायची, अण्णांनी आत्याच्या सासरी काय कळवायचं. मी एकटी अडकले नव्हते, माझ्या आशेच्या उत्तरांनी मी सगळं घर अडकवून ठेवलं होतं. रामनवमीच्या दुपारी खिडकीवर उत्तर मिळालं की पुढच्या दिवसाचीही खात्री नाही. त्यानंतर मी तो निरोप बोलले. दहावा ठरल्या वेळी करा. गाडी पाठवू नका. मी पोचेन तेव्हा पोचेन, आणि पक्की जागा मिळाल्याशिवाय मी काही कळवणार नाही.

अण्णांचं उत्तर तासाभरानं आलं. मागं मोटारसायकलींचा आवाज होता. "तायडे, दहावा उद्याच व्हनार, त्यो कुनासाठी थांबत न्हाय. पर अस्थी ठिवतो. तू आल्याबिगर त्या हालत न्हायत. जेवली का?"

ते ऐकलं आणि आजी गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा मला झोप लागली.

18 ला सकाळी दहावा माझ्याकडं तुकड्यातुकड्यानं आला. चुलतभाऊ थोडं चित्रण करायचा आणि पाठवायचा. नदीपात्र कोरडं, ठाक. घाटावर पाण्याचं पिंप आणून ठेवलेलं, अण्णांची अंघोळ त्यातल्या तांब्याभर पाण्यात. मुंडण झालेली डोकी, महाराजांचं प्रवचन, मांडवाखाली बायका. निवडणुकीचे दिवस, 7 मे ला मतदान. तरी श्रद्धांजलीची भाषणं नकोत, असं अण्णांनी आधीच सांगून ठेवलेलं. काकू माझ्या खांद्यापाशी येऊन बघत होत्या. आजीला न बघितलेली ती बाई म्हणाली, "कावळ्यानं लगेच घेतलं बघ. मागं काही राहिलं नाही तिचं." मी या गोष्टी मानते की नाही, हा प्रश्न त्या क्षणी मला पडलाही नाही.

त्याच रात्री मुंबईच्या विमानात दोघींना जागा मिळाली. मुंबईत पट्ट्यावर माझी बॅग आली, काकूंची आली नाही. त्यांचा मुलगा न्यायला आला होता. मी पुण्यापर्यंत बसनं आणि पुढं भाड्याच्या गाडीनं घरी पोचले. वाटेत नाझऱ्याचं पात्र उघडं पडलेलं दिसलं. घरी आत्या अजून थांबलेल्या होत्या. माझ्याकडं बघून कुणी काही बोललं नाही. आईनं आधी न्हाणीतलं पाणी दाखवलं, दोन बादल्या, माझ्यासाठी राखून ठेवलेल्या. मी एकीतच आटपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही अस्थी घेऊन इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला गेलो. कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते आणि नीरा इथं भीमेला. आजी कऱ्हेकाठची, तेव्हा तिची वाट हीच, असं अण्णांचं म्हणणं. संगमावर पाणी कमी होतं, आत चालत जावं लागलं. परतताना त्यांनी विचारलं, तिकडं पडला तरी किती? मी 254 मिलिमीटर सांगितलं. त्यांनी मनात हिशोब केला आणि म्हणाले, "आपल्याकडं निम्मं वरीस लागतं एवढ्याला." मग गाडीत बराच वेळ पाऊस याच विषयावर बोलणं झालं, 1972 पासून पुढं.

तेराव्याला फलटणच्या काकू आल्या. मुलाच्या गाडीतून, आईसाठी साडी घेऊन. आत्यानं मला हळूच विचारलं, ह्या कुणाकडच्या? मी सांगेपर्यंत काकू चुलीपाशी जाऊन वाढप्यांना मदतही करायला लागल्या होत्या. त्यांची बॅग अजून आलेली नव्हती. लेकीनं दिलेले नातवाचे फोटो तिच्यात होते. 1999 च्या माँट्रियल करारानुसार, आणि भारत त्यात 2009 पासून आहे, उशिरा आलेल्या सामानाची तक्रार ते हाती पडल्यापासून 21 दिवसांत लेखी करावी लागते. न आलेल्या सामानाची वाट मात्र बघत बसायचं नाही, आधीच लिहून द्यायचं. पंगत उठल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलो. त्यांनी पिशवीतून बोर्डिंग पास काढले, बॅगेची चिठ्ठी काढली, आणि मी अर्ज भरायला घेतला. बॅगेचा रंग कोणता, या रकान्याशी त्या अडल्या. लेकीला फोन लावून विचारलं. तो इथून लगेच लागला.