डोंगरावरची मोजदाद

दसरा झाला की आम्ही काही जण सकाळी खारघरच्या डोंगरावर जाऊन बसतो. वर फणसवाडी आणि चाफेवाडी हे आदिवासी पाडे आहेत. तिकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते. आम्ही रस्ता सोडून चारही बाजू मोकळ्या दिसतील अशा एका कातळावर बैठक मारतो. पश्चिमेला खाडी आणि कांदळवनं, दक्षिणेला नवा विमानतळ, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्याही पलीकडे कर्नाळ्याचा सुळका. काम एकच: उत्तरेकडून येऊन दक्षिणेला निघून जाणारे शिकारी पक्षी मोजायचे.

ऊन चढेपर्यंत गरुड दिसत नाहीत. एवढं अंगाचं ओझं घेऊन पंख मारत लांबचा पल्ला गाठणं त्यांना परवडत नाही. कातळ तापला की त्यावरची हवा वर चढू लागते. त्या हवेत शिरून ते घिरट्या घेत उंची कमावतात आणि मग पंख ताणून पुढच्या तापल्या जागेपर्यंत नुसते तरंगत जातात. ऑक्टोबरच्या ज्या उन्हाने खाली सगळे हैराण होतात, त्याचीच आम्ही वर वाट बघत असतो.

खरी अडचण घारींची. त्या दिवसभर इथेच असतात, आणि तीच घार चारदा मोजली गेली तर वहीला काही अर्थ उरत नाही. म्हणून दक्षिणेला जाऊन पार दिसेनासा झालेला पक्षीच लिहायचा, मागे फिरला तर खोडायचा, असा नियम आहे. एकाने दुर्बीण धरायची, दुसऱ्याने वही. तासाभरात काहीच गेलं नाही, तर शून्य लिहायचं. या शून्याबद्दल मी हट्टी आहे. रकाना कोरा राहिला, तर आपण त्या तासाला तिथे होतो आणि काही दिसलं नाही, की आपण नव्हतोच, हे पुढच्या वर्षी कसं कळणार? आमच्या वहीत शून्यं भरपूर आहेत.

गेल्या नोव्हेंबरात अशाच रिकाम्या तासानंतर आमच्यातली कॉलेजात शिकणारी मुलगी म्हणाली, “ताई, ही घार नाहीये.” खरंच नव्हती. शेपटीला खाच नाही, पंख फळीसारखे रुंद, टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली. पक्षी वळला तेव्हा पंखाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला पांढरा पट्टा लख्ख दिसला. नेपाळी गरुड, आणि तोही अजून वयात न आलेला. कझाकस्तान, मंगोलियाकडच्या गवताळ मैदानांत घरटी करणारी ही जात 2015 पासून जगभरात धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. तो आमच्या डोक्यावर फिरत फिरत ठिपक्याएवढा झाला आणि पनवेलच्या अंगाला सरकला. तिने वेळ लिहिली, दिशा लिहिली, आणि पुढे ‘1’.

भोवत्यांची तऱ्हा वेगळी. ते पंख किंचित वर उचलून, मान खाली घालून, गवत हुंगत चालल्यासारखे जातात. गुजरातेत वेळावदरच्या गवतात रात्रीच्या मुक्कामाला शेकडो भोवत्ये एकत्र उतरतात. आमच्या वाट्याला एखाददुसरा येतो, तरी तो दिसला की सगळे उठून उभे राहतात.

जगात काही ठिकाणी डोंगर आणि वारा मिळून पक्ष्यांना एका चिंचोळ्या वाटेने नेतात. नेपाळात थुलाखर्कावरून ऑक्टोबर-नोव्हेंबरात हजारो नेपाळी गरुड पश्चिमेकडे जातात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर लोक बंदुका घेऊन बसत. 1934 साली रोझली एज या बाईंनी तो डोंगर ताब्यात घेतला, राखणदार बसवला आणि तिथे मोजणी सुरू झाली. आपल्याकडे नागालँडमध्ये पांगतीच्या परिसरात 2012 पर्यंत अमूर ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले जात. पुढच्याच वर्षी गावांनी ते थांबवलं आणि नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली गेली. त्यांची नावं नागा, पांगती आणि वोखा. मारणाऱ्यांच्याच गावाने राखण करावी, हे मला फार मोलाचं वाटतं.

हा ससाणा वजनाला जेमतेम दीडशे ग्रॅम. ईशान्य आशियातून निघतो, आपला देश आडवा कापतो आणि अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिका गाठतो. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबरात तो मुक्कामाला थांबलेला मी पाहिला आहे. नर राखाडी, पाय लालभडक. हवेतच किडा पकडायचा, उडता उडता पाय चोचीपर्यंत आणून खायचा आणि लगेच पुढच्यावर झडप.

लोणावळा इथून हवाई अंतराने जेमतेम पन्नास किलोमीटर, तरी आमच्या वहीत अमूर ससाणा एकदाही आलेला नाही. कदाचित तो नजरेच्या टप्प्यापेक्षा उंचावरून जात असेल, किंवा आम्ही ऊन सोसवेनासं होऊन खाली उतरल्यावर. म्हणून या नोव्हेंबरात दोन पाळ्या करायचं ठरलं आहे. सकाळची नेहमीची माणसं, आणि दुपारी दोन ते सूर्यास्तापर्यंत कॉलेजची मुलं. दुपारच्या पाळीसाठी वहीत वेगळी पानं आखून झाली आहेत.