तेलाची वाटी दोन दिवस बाजूला ठेवा

पाय मुरगळला की आपल्याकडे पहिली हाक जाते ती चोळणाऱ्याला. "नस चढलीये, बसवून घे." खरं तर तेव्हा नस चढलेली नसते. बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणलेले किंवा थोडे फाटलेले असतात आणि बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. त्यावर गरम तेलानं जोर काढला की सूज आणखी वाढते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, शेक नको. पाय उशीवर उंच ठेवा, क्रेप बँडेज बांधा. बर्फानं दुखणं कमी होतं, पण तासन्‌तास नको. १९७८ मध्ये बर्फाचा सल्ला रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे सांगितलं, की त्यानं जखम भरायला वेळ लागू शकतो.

घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे.

माझा भाऊ कबड्डी खेळतो. त्याचा घोटा मुरगळला तेव्हा आजीला थोपवणं हेच सगळ्यात अवघड काम होतं! चौथ्या दिवशी सूज उतरली, मग तिला बोलावलं. बोटांकडून गुडघ्याकडे, हलक्या हातानं. तिच्या हाताला गुण आहे, तो बिचारा झोपूनच गेला.

एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळू शकतो. म्हणून फिजिओनं त्याला एका पायावर उभं राहायला सांगितलंय. तो दात घासताना उभा राहतो. आजी त्याला बगळा म्हणते.